घाटात मिटलेले डोळे

१

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला जमादार नारायणरावांनी ट्रकमधली पोती स्वतः हात लावून मोजली, तेव्हा ती तीस होती. सव्वाआठला बुलढाण्याच्या गोदामात हमालांनी ती उतरवली, तेव्हा सव्वीस निघाली. मधे होता तो फक्त राजूरचा घाट. घाटात माणसांना गाडी लागते, बैल घसरतात, इंजिनं तापतात. पण घाट पोती खातो असं नारायणरावांनी तीस वर्षांच्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

पोतीही साधी नव्हती. महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या साली जिल्ह्यात जो तो एकच गोष्ट बोलत होता, संकरित ज्वारी. ताट माणसाच्या कमरेएवढं आणि कणीस मात्र मुठीत मावत नाही, अशी तिची ख्याती. बियाणं थोडं, मागणारे फार, म्हणून सरकारी यादी निघाली होती. यादीत नाव त्यालाच पोतं. वाहतुकीला परवाना लागे आणि परवान्यावर घाटाच्या पायथ्याच्या चौकीचा शिक्का. शिक्का नारायणरावांचा, मोजणीही त्यांचीच.

रविवारी सकाळी ट्रक परत चौकीपुढे येऊन उभा राहिला. त्यातून दोघं उतरले. एक ड्रायव्हर कचरू, मोताळ्याचा, तिशीचा, चार प्रश्नांना एक उत्तर देणारा. दुसरा खरेदी-विक्री संघाचा कारकून उकंडराव, डोणगावचा, मलकापूरच्या मालधक्क्यापासून बियाण्यासोबत आलेला. मागोमाग फौजदारांची चिठ्ठी आली. पोती तुमच्या मोजणीनंतर गेली आहेत, तेव्हा ती तुम्हीच शोधा, असा तिचा सरळ अर्थ.

नारायणरावांनी चिठ्ठी खिशात घातली. त्याच खिशात शुक्रवारपासून दुसरा एक कागद होता आणि तो त्यांना आता जड वाटायला लागला. कचरूला एस.टी.त ड्रायव्हरची नोकरी लागली होती. तीन वर्षं अर्ज करत होता बिचारा. बुधवारी सकाळी दहाला डेपोत हजर व्हायचं होतं, सोबत पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला घेऊन. तो दाखला नारायणरावांनीच लिहायचा होता.

“गाडी वाटेत कुठी थांबली?” त्यांनी विचारलं.

“एकाच जागी,” कचरू म्हणाला. “मोरीच्या वळणावर. वीस मिनिटं.”

२

उकंडरावाची जबानी आधी झाली. माणूस चुणचुणीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, मान मात्र नांगर धरणाऱ्याची.

“गाडी तापली, जमादारसाहेब. बोनेटातून वाफ निघून राह्यली होती. कचरू डबा घेऊन मागं झऱ्यावर गेला पाण्याले. मी केबिनमधून हललो नाही.”

“पोत्यांपाशी काऊन नाही बसले?”

“मले काय मालूम, मागून कोणी येईन म्हणून? मी समोर डोळे लावून बसलो होतो. बत्ती चालू होती, रस्ता दिवसावाणी दिसत होता. समोरून चिटपाखरू गेलं नाही, हे मी गंगा उचलून सांगतो.”

ते नारायणरावांनी शब्द न शब्द लिहून घेतलं.

कचरूची जबानी पाच ओळींत संपली. झरा रस्त्याच्या मागच्या अंगाला, दोनशे पावलं खाली. दोन खेपा केल्या. इंजिन चालू ठेवलं, बत्ती चालू ठेवली, कारण वळणावर अंधारी गाडी म्हणजे येणाऱ्याचं मरण. खालून त्याला ट्रकचा मागचा भाग दिसत होता. मागे कोणी आलं नाही.

“कोणी आलं नाही, तर पोती उडून गेली काय बे?”

“ते मले नाही सांगता येत, साहेब.”

तिसरे होते रोहिणखेडचे हिंमतराव. जमीन भरपूर, आवाज त्याहून मोठा. यादीत त्यांच्या नावापुढे एकच पोतं पडलं होतं. शनिवारी त्यांनी ह्याच चौकीसमोर ट्रकच्या फाळक्यावर हात आपटून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “चार पोती माह्या घरी आल्याबिगर ही ज्वारी पेरली कशी जाते, तेच पाह्यतो!” आणि गेली होती नेमकी चार.

“मी म्हटलं, हाव म्हटलं!” हिंमतराव रविवारी गरजले. “पण ट्रक गेल्यावर नऊ वाजेपर्यंत मी कुठी होतो, विचारा हॉटेलवाल्याले!”

विचारलं. हिंमतराव नऊ वाजेपर्यंत समोरच्या हॉटेलात बाकड्यावर बसून सरकारला शिव्या देत होते आणि वीस माणसं चहा पीत ऐकत होती. त्यांच्या दोन्ही बैलगाड्या गावातल्या लग्नात वऱ्हाड वाहत होत्या. पण पैसेवाल्याला स्वतः कुठे जावं लागतं? त्याची माणसं जातात. नारायणरावांनी झऱ्यापासून ट्रकच्या मागच्या बाजूपर्यंत सगळी झुडपं धुंडाळून घेतली. ज्वारीचा दाणा मिळाला नाही.

दुपारी ते चौकीत घाम पुसत बसले असताना दारात एक टोपली टेकली आणि टोपलीमागून आवाज आला.

“जमादार, काल त्या ट्रकले काय झालं होतं रे? डोळे काऊन मिटत होता?”

३

मनकर्णाबाईंची वाडी दरीच्या पलीकडच्या उतारावर होती. वांगी, मिरची, कारली आणि विहीर. नवरा गेल्यापासून म्हातारी एकटीच तिथे राही. रानडुकरं वांग्यांत घुसतात म्हणून संध्याकाळ झाली की राखणीच्या माळ्यावर चढून बसे, आणि करमणूक म्हणून समोरच्या घाटातल्या गाड्या बघे. गाड्या तिला दिव्यांवरून ओळखता येत. सातची बस, तिचा एक डोळा पिवळा. संघाचा ट्रक, दोन्ही पांढरे. डॉक्टरांची मोटार, डोळे जवळजवळ.

“मोरीच्या वळणावर गाडीचं तोंड सरळ माह्या वाडीकडं असते,” ती टोपलीतली वांगी निवडत म्हणाली. “उभा होता तो. अन् डोळे मिटे, उघडे. मिटे, उघडे. मी म्हटलं, ह्याच्या डोळ्यात काय गेलं?”

“डिपर देत होता म्हण की!” नारायणराव ताडकन उठले.

“आता तुमचं ते काय म्हणतात ते मले नाही मालूम बाप्पा.”

“खूण करून राह्यला होता. कोणाले तरी.” नारायणरावांनी कागद ओढला आणि सरकारी मराठीत भराभरा लिहिलं: *सदर ट्रकचालक हा उभ्या ट्रकमधून वारंवार डिपर देत असल्याचे मी समक्ष पाहिले.* म्हातारीचा अंगठा घेतला. तिने वाचता येत नसल्यामुळे तो निमूट दिला आणि वांगी घेऊन बाजाराला गेली.

बाकावर बसलेला उकंडराव एवढा वेळ गप्प होता. आता तो पुढे सरकला.

“जमादारसाहेब, मी बोलणार नव्हतो. गरिबाच्या पोटावर पाय नको म्हणून. पण आता बाईनंच पाह्यलं, तर सांगतो. पाण्याले जायच्या आधी कचरूनं डिपर दिला होता. चार-पाच खेपा. असा हात पुढं करून बटण दाबलं अन् दाबलं. मी म्हटलं, कोणाले खुणावून राह्यला? तर हसला नुसता.”

“हे सकाळी काऊन नाही सांगितलं?”

“सांगितलं ना आता.”

दोन साक्षी जुळल्या. नारायणरावांनी कचरूला बोलावून समोर उभं केलं.

“डिपर दिला होता?”

“नाही.”

“दोन माणसांनी पाह्यलं, कचरू.”

“पाह्यलं असन काहीतरी. मी नाही दिला.”

चौकीमागच्या सामानाच्या खोलीला त्या दिवशी कोठडी म्हटलं गेलं. कडी लावताना नारायणरावांनी खिशातला दाखल्याचा अर्ज काढला आणि कचरूच्या देखत त्यावर लिहिलं: *चौकशी प्रलंबित. दाखला देता येत नाही.* कचरूने ते वाचलं. तो चौथीपर्यंत शिकलेला होता. त्याच्या तोंडातून एकच वाक्य आलं.

“बुधवारी दहाले पोस्ट दुसऱ्याले देतीन, साहेब.”

४

नारायणरावांचं घर तीन मैलांवर. ते रोज दिवेलागणीनंतर सायकलीवर घरी जात. पुढच्या चाकाला डायनॅमो होता. पाय मारला तर काजव्याएवढा उजेड, थांबलं तर तोही नाही. अशा सायकलस्वाराला ट्रकवाले काय मोजतात! समोरून मोठी बत्ती तशीच डोळ्यांत फेकत येतात, आणि जमादार असो की आणखी कोणी, त्याला कडेच्या बाभळीत उतरावं लागतं. नारायणराव चार वेळा उतरले होते. एकदा तर गणवेशाची नवी पँट फाटली होती. मोटारीसाठी मोटारवाले बत्ती खाली करतात, सायकलीसाठी कोण करणार?

एकच ड्रायव्हर करायचा. कचरू. डायनॅमोचा काजवा दिसला की लांबूनच त्याचा उजेड खाली बसायचा आणि नारायणरावांना रस्त्याची कड दिसायची. ह्याबद्दल त्यांनी त्याला कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि आभार मानायचे तर राहिलेच होते.

त्या संध्याकाळी मात्र समोरून डॉक्टरांची मोटार आली. झगझगीत उजेडाने नारायणरावांचे डोळे दिपले. नारायणरावांच्या मागून एक ट्रक येत होता म्हणून डॉक्टरांनी त्याच्यासाठी बत्ती खाली केली. झपकन उजेड पडला तो रस्त्यावर. ट्रकवाल्यानेही केली. दोन्ही गाड्या गेल्या.

नारायणराव सायकलीवरून उतरून रस्त्यात उभे राहिले. उजेड खाली पडला होता. विझला नव्हता.

ते घरी गेलेच नाहीत. सायकल वळवून चौकीत आले आणि सामानाच्या खोलीची कडी काढली. कचरू जागाच होता.

“कचरू, डिपर म्हणजे काय ते मले सांग. येड्याले सांगतात तसं.”

कचरू उठून बसला. “गाडीच्या पेटीत जादा बल्ब आहे. आणा.”

आणला. कचरूने तो कंदिलापुढे धरला.

“काच एक, तारा दोन. ही मधली. ही पेटली की उजेड सरळ दूर जाते. अन् ही दुसरी. हिच्या खाली हे पत्र्याचं वाटीसारखं आहे, दिसते? ते उजेडाले खाली पडू देत नाही. उजेड लागते तो फक्त आरशाच्या वरच्या अंगाले, अन् तिथून फिरून रस्त्यावर पडते. समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. डिपर दिला की मधली विझते, ही पेटते. सोडला की उलटं.”

“दोन्ही तारा एकदम विझतात कधी?”

“डिपरनं?” दोन दिवसांत पहिल्यांदा कचरूला हसू आलं. “मंग ड्रायव्हर दरीत नाही जाईन काय?”

“बटण कुठी असते? हाताशी?”

“पायाशी, साहेब. क्लचच्या डाव्या बाजूले, खाली. घाटात हात चाकावरच पाह्यजे.”

नारायणरावांनी बल्ब परत दिला नाही. ते टेबलाशी गेले आणि मनकर्णाबाईंची जबानी काढून वाचू लागले. म्हातारी ‘मिटे, उघडे’ म्हणाली होती. कागदावर मात्र डिपर होता. म्हातारीने जे पाहिलं होतं ते तिथे नव्हतंच. जे होतं ते सगळं नारायणरावांचं होतं. आणि उकंडरावाच्या तोंडी डिपर आला तो त्यानंतर, ह्याच खोलीत, त्यांच्याच आवाजातून उचललेला.

तीस वर्षं ते लोकांचं बोलणं असंच ‘नीट’ करून लिहीत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

५

सोमवारी संध्याकाळी नारायणराव धोतर-सदऱ्यात वाडीच्या माळ्यावर म्हातारीशेजारी बसले. कचरू शिपाई जानरावाच्या पहाऱ्यात ट्रक घेऊन घाट चढला होता. शनिवारची वेळ, शनिवारचंच वळण. अंधार पडला तसे दरीपलीकडे दोन पांढरे ठिपके येऊन थांबले.

“मावशी, आता काय दिसते ते सांग. मी मधात बोलणार नाही.”

ठरल्याप्रमाणे कचरूने आधी डिपर दिला. दोन्ही ठिपके मंद झाले, पुन्हा तेज झाले. पाच वेळा.

“हे नाही,” म्हातारी लगेच म्हणाली. “हे तर नुसते जांभया देऊन राह्यले. परवा मिटले होते. आधी एक, मंग दुसरा.”

“आधी कोणता?”

“डोंगराकडचा आधी मिटे. तो उघडे तंवर दरीकडचा मिटे. हळूहळू, पाय ओढल्यावाणी. मंग जरा थांबे, अन् उलटं. दरीकडचा आधी, डोंगराकडचा मंग. ते मात्र चट्‌चट्.”

नारायणरावांनी तोंड मिटून ठेवलं आणि हातातला कंदील दोनदा वर-खाली केला. दिवा विझला नसेल तर त्याच्यापुढून कोणीतरी गेलं असणार, हे ताडून त्यांनी ही खूण ठरवली होती. पलीकडे जानरावाने ठरल्याप्रमाणे खांद्यावर तीस किलोचं पोतं घेतलं आणि डोंगराच्या बाजूने दरीच्या बाजूला, ट्रकच्या तोंडासमोरून चालत गेला. पोतं ठेवून मोकळा परत आला.

डोंगराकडचा ठिपका मिटला. मग दरीकडचा. थोडं थांबून, चट्‌चट्, उलटं.

“हेच!” मनकर्णाबाई उठून उभी राहिली. “हेच बघ! किती खेपा झालं ते नाही मोजलं मी, पण तीन-चार तरी. माणूस होता काय रे तो?”

“हाव, मावशी. ओझं घेऊन जाणारा माणूस.”

जाताना ओझं, येताना रिकामा. ओझं गेलं दरीच्या अंगाला, आणि गाडीच्या पुढे. नारायणरावांनी मात्र सगळी झुडपं मागची धुंडाळली होती, झऱ्याकडची, कारण उकंडराव म्हणाला होता, मागून कोणी येईन म्हणून.

वळणावर पोहोचायला त्यांना पाऊण तास लागला. ट्रकपासून वीस पावलं पुढे रस्त्याखाली मोरी होती. पावसाळ्यातला ओढा तिच्यातून जायचा. आता ती कोरडी ठणठणीत होती. जानराव टॉर्च घेऊन वाकला.

“साहेब,” तो आतून ओरडला, “आहे इथी. चारही.”

“राहू दे तिथंच,” नारायणराव म्हणाले. “हात लावू नको.”

६

मंगळवारी संध्याकाळी उकंडरावाला घाटात बोलावलं. “एक छोटीशी बाब ताडून पाह्यची आहे,” एवढाच निरोप होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

“उकंडराव, तुम्ही शनिवारी बसले होते तसे बसा.”

तो केबिनमध्ये डाव्या अंगाला बसला. नारायणराव ड्रायव्हरच्या जागेवर. आयुष्यात पहिल्यांदाच ते चाकामागे बसले होते, आणि पाय कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. बत्ती लावलेली होती. समोरचा रस्ता, दगडी कठडा, कठड्यावरची मैलाची खूण, सगळं लख्ख दिसत होतं.

“कचरूनं डिपर दिला तो कसा? दाखवा.”

उकंडरावाने हात लांबवला आणि समोरच्या पत्र्यावरची एक गुंडी दाखवली. “ही दाबली. चार-पाच डाव.”

“दाबा.”

त्याने दाबली. काचेवरचा वायपर कुरकुरत एकदा इकडून तिकडे गेला. नारायणरावांनी पायाने खाली चाचपडून ते गोल बटण शोधलं आणि दाबलं. उजेड रस्त्यावर बसला. पुन्हा दाबलं, उजेड दूर गेला.

“डिपर इथं असते. बरं, ते राहू द्या. मोटारीचं तुम्हाले कुठून माहीत असन, मलेही परवापर्यंत नव्हतं. दुसरं पाह्या.”

त्यांनी खिडकीतून हात काढून इशारा केला. डोंगराच्या अंगाने जानराव खांद्यावर पोतं घेऊन आला आणि त्या उजेडातून, केबिनपासून चार हातांवरून, सावकाश पलीकडे गेला. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं. परत आला. पुन्हा गेला.

“दिसते?”

उकंडरावाने मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

“शनिवारी ह्याच जागेवरून एक माणूस चार खेपा गेला अन् चार खेपा आला. त्या पलीकडच्या वाडीतून एका बुढीले दिसला. कचरू मागं झऱ्यावर होता, त्याले गाडीच्या आडून दिसणार नव्हता; म्हणून तर चोरानं डोंगराच्या अंगानं पोती उतरवली अन् गाडीच्या तोंडासमोरून नेली. बत्ती विझवली असती तर कचरू धावत आला असता. तुम्ही म्हणता, मी केबिनमधून हललो नाही, समोर डोळे लावून बसलो होतो, चिटपाखरू गेलं नाही. मंग एवढा मोठा माणूस तुम्हाले कसा नाही दिसला? एकालेच तो दिसू शकत नाही, उकंडराव. जो स्वतः बाहेर चालत असते त्याले.”

मग उकंडरावाने खिशातली दोन्ही पेनं काढली आणि उगाच मांडीवर शेजारी शेजारी ठेवली.

“मले एकच पाह्यजे होतं,” तो म्हणाला. “डोणगावले आठ एकर आहे माह्यं. दोन सालं मी ह्या ज्वारीच्या याद्या लेहून राह्यलो, जमादारसाहेब. संघाच्या माणसाले यादीत नाव घालता येत नाही. सगळ्यांच्या वावरात ते कणीस पाह्यलं. आपल्या वावरात एकदा पाहावं वाटलं.”

“मंग चार काऊन?”

“हिंमतराव चार म्हणले होते. म्हटलं, चार गेले तर त्यांच्यावर जाईन.”

“अन् कचरूवर गेलं तेव्हा?”

उकंडरावाने पेनं उचलून परत खिशाला लावली. नारायणरावांना त्याची दया आली, आणि तेवढाच रागही आला. आठ एकरांच्या हौसेसाठी ह्या माणसाने दुसऱ्याच्या जन्माच्या भाकरीवर बोट ठेवलं होतं. पण ते बोट धरून कागदावर फिरवणारा हात नारायणरावांचा होता.

७

मंगळवारी रात्री नारायणराव झोपले नाहीत असं त्यांची बायको रुक्मिणी सांगते. बुधवारी पहाटेच ते वाडीवर गेले आणि मनकर्णाबाईंची जबानी नव्याने लिहिली. म्हातारी बोलली तशी, तिच्याच शब्दांत, डोळे मिटले, पाय ओढल्यावाणी, चट्‌चट्, सगळं. मग तिला वाचून दाखवली.

“हे माह्यं बोलणं आहे,” ती म्हणाली, आणि या वेळी अंगठा स्वतःहून पुढे केला. “मागचं कोणाचं होतं?”

“माह्यं होतं, मावशी.”

सात वाजता त्यांनी कचरूच्या हातात दाखला ठेवला. शिक्का ताजा होता. जुन्या अर्जावरची ओळ खोडून तिथे सही केली होती. नारायणरावांनी काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं अर्धंच तोंडातून आलं.

“चूक माह्यी झाली, कचरू. मी ऐकलं एक अन् लेहलं दुसरं.”

कचरूने दाखला वाचला, घडी करून छातीशी ठेवला. नमस्कार केला नाही. बुलढाण्याकडे जाणाऱ्या पहिल्या बसला हात दाखवून चढला आणि मागे वळून पाहिलं नाही. नारायणरावांनी मनात म्हटलं, बरोबरच आहे त्याचं.

जून गेला, जुलै गेला. ज्वारी गुडघाभर आली. कचरूला मलकापूरची संध्याकाळची गाडी मिळाल्याचं हॉटेलात कळलं. ती मलकापूरहून घाटाकडे येते तेव्हा नारायणराव तिच्या समोरून सायकलीवर घरी जात असत. पण नेमकी ती वेळ ते टाळत. कधी चौकीत उशीर करत, कधी लवकर निघत. भीती कशाची होती ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. नागपंचमीच्या दिवशी घरी पाहुणे होते, म्हणून वेळेवर निघावं लागलं.

दोन मैलांवर समोरून उजेड आला. उंच, पांढरा, सरळ डोळ्यांत. बसचा. नारायणराव पाय मारत राहिले. डायनॅमो घरघरत होता. उजेड वाढत गेला. रस्त्याची कड दिसेनाशी झाली, मग हँडलही दिसेना. सवयीने त्यांनी सायकल बाभळीकडे वळवायला घेतली.

तेवढ्यात उजेड खाली बसला. रस्त्याची पांढरी कड उठून दिसली, तिच्यावरचे खडी-गोटे दिसले, समोरचं चाक दिसलं. बस वेग कमी करून बाजूने गेली आणि गेल्यावर तिने दिवे परत वर केले.

नारायणराव सायकलीवरून उतरले नाहीत. अंधारात डोळे पुसून ते तसेच घरी गेले.